दिवा गावचा, शिपाई सरकारचा

बेसा चौकात रात्री गस्तीची गाडी दिव्याखाली थांबलेली दिसली, तर जरा निरखून बघा. दिवाबत्ती हे नगरपंचायतीचं काम. बेसा-पिपळा नगरपंचायत त्यासाठी तुमच्या-आमच्याकडून घराचा टॅक्स घेते. पण त्याच दिव्याखाली उभ्या असलेल्या शिपायाच्या पगारात या टॅक्सचा एक रुपयाही नसतो. त्याचा पगार, त्याच्या गाडीचं डिझेल, ठाण्यातल्या कागदाचा रीम, सगळं राज्याच्या तिजोरीतून येतं. उद्या नगरपंचायतीनं ठराव केला की आम्हाला पोलीस दुप्पट हवेत, तरी शिपाई एकानंही वाढणार नाही. निम्मे करा म्हटलं तरी कमी होणार नाही.

हद्दींचा खेळ तर आणखी मजेदार. बेसा नागपूर महापालिकेत नाही. महापालिकेची हद्द मनीषनगरच्या बाजूनं येऊन बेसाच्या अलीकडेच थांबते. पण पोलिसांची हद्द थांबत नाही. बेसा भागातले बरेचसे गुन्हे बेलतरोडी ठाण्यात नोंदले जातात आणि हे ठाणं नागपूर शहर पोलीस आयुक्तांच्या हाताखाली येतं. म्हणजे नळाच्या नि कचऱ्याच्या दृष्टीनं आपण शहराबाहेर, चोरीच्या दृष्टीनं शहरात!

हे असं का, याचं उत्तर राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत, दुसऱ्या क्रमांकावर. 1992 साली 74वी घटनादुरुस्ती झाली आणि नगरपालिकांना सोपवता येतील अशा 18 कामांची यादी बाराव्या परिशिष्टात आली. अग्निशमन आहे, स्मशानभूमी आहे, कत्तलखाने आहेत, जन्ममृत्यूची नोंद आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत. पोलीस नाहीत. पंचायतींच्या 29 विषयांच्या यादीतही नाहीत. आग लागली तर गावचं काम, आग लावणारा पकडायचा तर सरकारचं.

मला याचं नवल वाटतं ते एका कारणासाठी: आपल्याकडे हे कायम असं नव्हतं.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं 1819 साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. गावाचा बंदोबस्त गावच कसा करतं, याचं वर्णन त्यात आहे. वर पाटील, त्याच्या हाताखाली राखणदार. राखणदाराचं पोट गावाच्या धान्यावर आणि हक्कांवर चाले. चोरी झाली की तो पावलांचा माग काढत निघे. माग गावच्या शिवेबाहेर गेला आणि पुढच्या गावाच्या राखणदारानं तो मान्य केला, की जबाबदारी त्या गावावर सरके. तिथून पुढच्या शिवेपर्यंत, मग त्याच्याही पुढच्या. जिथं माग विझे, ते गाव अडकलं: चोर द्या, नाहीतर भरपाई द्या. विम्याची पॉलिसी, पोलीस ठाणं आणि हद्दीचा वाद हे तिन्ही एका धुळीतल्या पावलात मावत होते. आज ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकून एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात गेलेल्या माणसाला ती पद्धत आठवून हसू यावं की रडू, हे मी सांगत नाही.

अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. राखण करणाऱ्याची जात ठरलेली असे, मोबदला ठरवणारा गावाचा वरचा थर असे, आणि संशय आला की पहिला फटका राखणदारालाच. पुढे वंशपरंपरेची पाटीलकी कायद्यानं गेली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 साली आला आणि आजचा पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. त्याचं मानधनही राज्यच देतं. 2024 साली ते 6,500 रुपयांवरून 15,000 करण्याचा निर्णय झाला.

शहरांची गोष्ट याहून रंगतदार आहे. इंग्रजी अमलात कितीतरी नगरपालिकांना आपल्या शहराच्या पोलिसांचा खर्च स्वतः उचलावा लागे. नळ नाही, गटार नाही, पण चौकीदाराचा पगार आधी. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या काळात, 1882च्या सुमाराला, धोरण बदललं: पोलिसांचा बोजा सरकारनं घ्यावा आणि सुटलेला पैसा नगरपालिकांनी शिक्षण, दवाखाने, स्वच्छता यांवर घालावा.

मुंबई मात्र अडून बसली होती. तिथं महापालिका पोलीसखर्चात वाटा देत राहिली आणि सरकारशी वर्षानुवर्षं भांडत राहिली. तक्रार साधी होती: पैसा आमचा, हुकूम तुमचा. पोलीस आयुक्त सरकारचा, त्याला महापालिकेनं काही विचारायची सोय नाही, बिल मात्र महापालिकेच्या टेबलावर. ही भांडणं मिटली 1907च्या मुंबई पोलीसखर्च कायद्यानं. सरकारनं पोलिसांचा सगळा खर्च पत्करला आणि बदल्यात महापालिकेनं प्राथमिक शिक्षणाची पुरी जबाबदारी घेतली, वैद्यकीय मदतीचा भारही वाढवून घेतला.

इथं क्षणभर थांबावंसं वाटतं. मुंबईतल्या महापालिकेच्या शाळेत मराठी पहिलीत बसलेलं पोर हे एका पोलीस शिपायाच्या बदल्यात मिळालेलं आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर एक अदलाबदल केली, आणि कितीतरी पिढ्यांनी त्यावर बाराखडी गिरवली. सौदा चांगलाच झाला असं माझं मत. पण त्यात एक गोष्ट हातची गेली. पैसे देणाऱ्याला निदान भांडता तरी येतं. तो हक्क पैशाबरोबर गेला.

तो हक्क असलेली शहरं काय करतात, ते अमेरिकेत दिसलं. तिथं शहराचं पोलीसदल शहराच्याच अंदाजपत्रकातून चालतं. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, ऑगस्ट 2020मध्ये, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं पोलिसांच्या पैशातून जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 15 कोटी डॉलर, कापायचं किंवा दुसरीकडे वळवायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी टेक्सास राज्यानं कायदा केला: मोठ्या शहरानं पोलिसांचे पैसे कापले तर त्याच्या कर वाढवण्याच्या अधिकारांना चाप. ऑस्टिननं पैसे परत दिले. इंग्लंडात उलटं झालं. तिथं पोलिसांच्या पैशाचा काही भाग लोकांच्या स्थानिक करातून येतो, बराचसा केंद्राकडून. 2010नंतर केंद्राच्या अनुदानाला कात्री लागली, आठेक वर्षांत इंग्लंड-वेल्समधले वीस हजारांवर पोलीस कमी झाले, आणि खड्डा भरायला स्थानिक कराची पावती फुगली.

आपल्याकडे कात्री अशी उघड दिसत नाही. 2015-16च्या केंद्रीय अंदाजपत्रकात राज्यांचा करातला वाटा वाढवताना पोलीस आधुनिकीकरणाची योजना केंद्राच्या मदतीतून वगळली गेली. सप्टेंबर 2017मध्ये 25,060 कोटींची मोठी योजना मंजूर करून केंद्र पुन्हा त्यात उतरलं. मधल्या काळात कुठल्याही ग्रामपंचायतीला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

मागचा दरवाजा मात्र एक आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांसाठी गाड्या घेतल्या जातात. पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, फोटो छापून येतो. त्या समितीवर नगरपालिका-पंचायतींतून निवडून गेलेले सदस्य असतात; निवडणुका वेळेवर झाल्या तर.

दुसरा दरवाजा खासगी आहे. ज्याला जादा बंदोबस्त हवा, त्यानं पैसे भरून तो मागायचा, ही सोय 1951च्या पोलीस कायद्यात आहे. बेसाच्या नैर्ऋत्येला, वर्धा रोडवर, जामठ्याचं क्रिकेट मैदान; सामना असला की शेकडो पोलीस तिकडे. अशा सामन्यांच्या बंदोबस्ताचं शुल्क राज्यानं 2023 साली कमी केलं, तेही जुन्या थकबाकीला लागू पडेल अशा रीतीनं, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं 2024मध्ये सरकारला विचारलं की ही मेहेरबानी कशासाठी. नगरपंचायतीला हा प्रश्न विचारताच आला नसता.

मग बेसाच्या माणसानं गस्त वाढवून मागायची तर कुठे? ठाणेदाराकडे अर्ज, आयुक्तांकडे निवेदन, हे आहेच. पण पैशाचा निर्णय तिथं होत नाही. तो विधानसभेत होतो. साधारणपणे दर डिसेंबरात विधानसभा मुंबई सोडून नागपूरला येते, आणि पुरवणी मागण्या मतदानाला टाकल्या जातात. त्यात गृह विभागाच्या मागण्या असल्या, तर राज्यभरातल्या ठाण्यांचा वाढीव पैसा तिथं मंजूर होतो. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये आहे. बेसा चौकातून गाडीनं तास लागत नाही. यंदा अधिवेशन भरायच्या आधी आपल्या आमदाराला गाठा आणि बेलतरोडी ठाण्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, एवढंच विचारा.