तीन व्यंजनांतून बोलीकडे: व्यवहारातील हिब्रूच्या घडणीचा मागोवा

हिब्रूला पुन्हा बोलीभाषा करू पाहणारे कोशकार एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला स्थायिक झाले, तेव्हा हिब्रू ही प्रार्थना, धर्मचर्चा आणि ग्रंथलेखन यांची भाषा म्हणून टिकून होती, पण घरातल्या आणि बाजारातल्या कित्येक गोष्टींना तिच्यात नावेच नव्हती. त्याआधी मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायल या ज्यू समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. मात्र मूळच्या कोकणातल्या या समाजाला हिब्रू हवी होती ती धर्मग्रंथांसाठी, बाजारहाटाला मराठी होतीच.

नव्या शब्दांची सोय भाषेच्या रचनेतच होती. बहुतेक हिब्रू शब्दांच्या मुळाशी ‘शोरेश’, म्हणजे सामान्यतः तीन व्यंजनांचा धातू, असतो आणि तो ‘मिश्काल’ या ठरावीक साच्यात बसवला की शब्द तयार होतो. संस्कृत धातूला मुख्यतः उपसर्ग आणि प्रत्यय जोडले जातात, तर इथे स्वर व्यंजनांच्या मधल्या फटींत शिरतात. रोगनामांचा साचा पाहिला की ही युक्ती स्पष्ट होते: ‘आदोम’ म्हणजे तांबडा, त्यावरून ‘आदेमेत’ म्हणजे रुबेला, ‘त्साहोव’ म्हणजे पिवळा, त्यावरून ‘त्साहेवेत’ म्हणजे कावीळ, ‘केलेव’ म्हणजे कुत्रा, त्यावरून ‘कालेवेत’ म्हणजे रेबीज. आगगाडीचे ‘राकेवेत’ हे नावही याच साच्यातले असले, तरी तिला कोणी आजार मानीत नाही.

साचा असला म्हणजे शब्द रुजतोच, असे मात्र नाही. टोमॅटोसाठी येखिएल मिखाएल पिनेस यांनी कामवासनेच्या अर्थाच्या धातूवरून ‘अग्वानिया’ सुचवला; बेन-येहुदांना तो अश्लील वाटला आणि त्यांनी अरबीवरून घेतलेल्या ‘बादुरा’चा आग्रह धरला, पण लोकांनी अग्वानियाच उचलला. कोशकाराच्या शब्दावर भाजीबाजाराने केलेली ही मात पुरेशी बोलकी आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भाषा समितीने आणि १९५३ पासून तिची जागा घेणाऱ्या हिब्रू भाषा अकादमीनेही शब्द घडवले, परंतु ते मुलांच्या तोंडी बसवण्याचे खरे श्रेय शाळांतल्या शिक्षकांकडे जाते. हैफातील तंत्रसंस्थेत जर्मन माध्यम आणण्याविरुद्ध १९१३ मध्ये पेटलेल्या वादात हेच शिक्षक आघाडीवर होते.

इस्रायल स्थापन झाल्यावर प्रौढ स्थलांतरितांसाठी १९४९ मध्ये जेरुसलेममध्ये पहिले ‘उल्पान’, म्हणजे हिब्रूतूनच हिब्रू शिकवणारे सघन वर्ग, सुरू झाले. या शिकणाऱ्यांपुढे एक अडचण होती: नेहमीच्या छपाईत ‘निकुद’, म्हणजे स्वरदर्शक चिन्हे, नसतात आणि त्यामुळे ‘स-प-र’ ही तीन अक्षरे ‘सेफेर’ (पुस्तक), ‘सापार’ (न्हावी) किंवा ‘सिपेर’ (त्याने सांगितले) यांपैकी काहीही असू शकतात, आणि नेमके काय ते वाक्यावरूनच ठरवावे लागते. ही अडचण हलकी व्हावी म्हणून १९५१ पासून ‘ओमेर’ हे दैनिक निकुदासह आणि सोप्या हिब्रूत निघू लागले.