पैसे गेले की नाही?

बँकेत पैसे भरताना तुम्ही कोणाला तरी पाहिले असेलच. खिडकीमागचा कारकून नोटा मोजतो आणि चलनाच्या अर्ध्या भागावर शिक्का मारून तो परत देतो. रक्कम खात्यात जमा होताना आपण पाहत नाही. आपला विश्वास बसतो तो त्या शिक्क्यावर.

आता हेच काम घरबसल्या बँकेच्या संकेतस्थळावर होते. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी एकदा विजेचे बिल भरण्यासाठी 'पैसे भरा' हे बटण दाबले. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. पैसे गेले की नाही? त्यांनी पुन्हा बटण दाबले आणि रक्कम दोनदा वजा झाली. जादा रक्कम पुढे परत मिळाली. पण गुरुजी आजही बिल भरायला रांगेत उभे राहतात.

चूक गुरुजींची होती काय? रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली आणि जेकब नील्सन यांनी १९९३ साली माणूस संगणकाच्या उत्तराची किती वाट पाहू शकतो, याच्या मर्यादा मांडल्या. उत्तर ०.१ सेकंदात आले तर ते तत्काळ वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर मात्र लक्ष उडते.

मग हा उशीर अंतरामुळे होतो का? हिशेब करून पाहा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १,२०० किलोमीटर अंतर तो ०.००६ सेकंदात कापील! तेव्हा अशा लांबलचक खोळंब्याचे कारण बहुधा संगणकावरील कामाचा ताण, जोडणीतील अडथळे किंवा सदोष रचना हे असते. चांगले संकेतस्थळ अशा वेळी 'विनंती मिळाली, थांबा' असे सांगते. शिवाय ते प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देते; त्यामुळे बटण दोनदा दाबले तरी पैसे एकदाच जातात.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली दाखवून दिले, की संगणकाची एखादी सोय माणूस वापरील की नाही, हे ती त्याला किती उपयोगी आणि किती सोपी वाटते यावर अवलंबून असते. बँकेच्या बाबतीत यात विश्वासाची भर पडते. बँकेची तिजोरी आपल्याला दिसत नाही. म्हणून दिसणाऱ्या पानावरून आपण न दिसणाऱ्या कारभाराची परीक्षा करतो.

धोका आहे तो इथेच! देखणे, झटपट चालणारे पान भामट्यालाही बनवता येते. पत्त्याजवळचे कुलपाचे चिन्हसुद्धा एवढेच सांगते, की मधल्या वाटेवर मजकूर कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसले आहे, याची ती हमी नव्हे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते घेण्यास सांगितले. असे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात. मात्र 'इन'ला लगेच जोडून आणखी एखादा डॉट आणि शब्द आला, तर तो पत्ता बँकेचा नव्हे.

घरातील मोठी माणसे पैसे पाठवत असतील तेव्हा त्यांच्याजवळ बसा. आधी पत्ता वाचा, मग सेकंदकाटा पाहा. उत्तर आलेच नाही, तर पुन्हा बटण दाबण्यापूर्वी खात्यातील शिल्लक तपासा. शिक्का दिसेपर्यंत खिडकी सोडायची नाही, हा जुना नियम इथेही खरा आहे.