पाणी अडवले, मग मोजलेही

मृगाचा पाऊस पडला की जालना जिल्ह्यात कपाशीच्या बरोबरीने सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत हे पीक आता इतके ओळखीचे झाले आहे, की ते कधीकाळी परके होते हे सांगूनही पटू नये. पण आज सत्तरीत असलेल्या शेतकऱ्याने लहानपणी बापाच्या शिवारात सोयाबीन पाहिलेले नसते. त्याने पाहिलेली असते ज्वारी, बाजरी, तूर आणि कपाशी. पिवळे सोयाबीन भारतात रुजू लागले ते १९६० च्या दशकात. पैसा होता अमेरिकी सरकारच्या विकास मदतीचा. शास्त्रज्ञ होते इलिनॉय विद्यापीठाचे. १९६० साली सुरू झालेल्या पंतनगरच्या आणि १९६४ साली सुरू झालेल्या जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी आपली जमीन आणि माणसे दिली. 'ब्रॅग', 'क्लार्क ६३' अशा वाणांच्या चाचण्या तिथे झाल्या, मध्य प्रदेशाच्या काळ्या जमिनीत पीक जमले आणि तिथून ते महाराष्ट्रात उतरले.

एका सरकारचा पैसा, विद्यापीठाची विद्या आणि शेतकऱ्याची जमीन या तिघांनी एकत्र येण्याला 'विकास आणि संशोधनाची भागीदारी' असे जड नाव आहे. नाव जड असले तरी व्यवहार साधा आहे. विकासाचा पैसा देणाऱ्याला बांध, विहिरी, रस्ते यांचे आकडे दाखवायचे असतात आणि त्याच्याकडे वेळ थोडा असतो. संशोधकाला का आणि कसे हे शोधायचे असते, त्याला वेळ लागतो, पण त्याच्याकडे पैसा नसतो. दोघे वेगवेगळे चालले तर बांध चुकीच्या जागी पडतो आणि शोधनिबंध कपाटात पडून राहतो. दोघे एकत्र आले तर काय होऊ शकते, हे पाहायला जालन्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही. जालना तालुक्यातच कडवंची हे गाव आहे.

जालना हा पावसाच्या भरवशावर जगणारा जिल्हा आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून तो वेगळा झाला. बियाण्यांच्या उद्योगाने शहराला देशभर नाव मिळवून दिले, मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले; पण जमिनीखालचा काळा पाषाण कुणाला चुकलेला नाही. या दगडात पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. गाळाच्या प्रदेशात असतात तसे खोल, मोठे साठे इथे नाहीत. एक पावसाळा चुकला की विहिरीचा तळ दिसतो. त्यामुळे पडलेला पाऊस कुठे थांबवायचा, हा इथल्या शेतीचा पहिला प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट जर्मनीतून आली, तीही अहमदनगरमार्गे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाकर १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्याचा मोठा काळ नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये काढला. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला जे शिकवले ते त्यांनीही जवळून पाहिले होते. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारची मदत केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेमार्फत नाबार्डकडे येई आणि तिथून गावात काम करणाऱ्या संस्थांकडे जाई. गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली 'वॉटर' ही संस्था निघाली.

या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या. मोफत काही मिळणार नव्हते. निवड होण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, मोकाट चराईला आणि झाडतोडीला बंदी घालायची, गावाची पाणलोट समिती नेमायची. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढ्यात नालाबांध. यातले सर्वात मोलाचे पाऊल कागदावर अगदी किरकोळ दिसते. प्रत्येक गट क्रमांकात जाऊन, त्या शेतातल्या नवरा-बायकोला बरोबर घेऊन, मातीची खोली किती, उतार किती, आज काय पिकते आणि पुढे काय पिकवायचे आहे हे लिहून घ्यायचे. नकाशा आधी शेतात तयार व्हायचा, मग कार्यालयात जायचा.

कडवंचीत हे काम १९९६ ते २००२ या काळात झाले. ते करणारी संस्था होती मराठवाडा शेती सहाय्य मंडळ. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने वाढलेल्या या मंडळाकडेच जालन्याजवळ खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्रही होते. इथे गोष्टीला वेगळे वळण मिळाले. एरवी पाणलोटाचे काम करणारी संस्था बांध घालते, हिशेब देते आणि पुढच्या गावी जाते. कृषी विज्ञान केंद्र जात नाही. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशीवरून १९७४ साली पुदुच्चेरीत देशातले पहिले केंद्र निघाले, तेव्हापासून या केंद्रांचे काम ठरलेले आहे. विद्यापीठांत आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांत जे सिद्ध झाले ते जिल्ह्याच्या मातीत करून पाहायचे, शेतकऱ्याला शिकवायचे, आणि त्याची अडचण परत शास्त्रज्ञापर्यंत न्यायची. खरपुडीचे केंद्र हे काम १९८३ पासून करत आले आहे.

म्हणून कडवंचीत पाणी अडल्यावर पुढचा प्रश्नही त्याच माणसांनी हाती घेतला. या पाण्याचे करायचे काय? उत्तर द्राक्षाचे निघाले. ठिबक, शेततळी, छाटणीचे वेळापत्रक, रोगांची ओळख हे सगळे सल्ले जवळच मिळत होते. पुढे नंदापूर, धारकल्याण या शेजारच्या शिवारांतही द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या.

मग २०१२ चा दुष्काळ आला. जालना जिल्हा त्या दुष्काळाच्या अगदी मध्यात सापडला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांनी सरपण म्हणून तोडली. त्या वर्षात कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या.

एखादे गाव तगले की त्याची यशोगाथा होते, फोटो छापून येतात, सहली येतात. कडवंचीचे वेगळेपण असे, की तिथे मोजायलाही कुणी आले. कोरडवाहू शेतीचे संशोधन करणाऱ्या हैदराबादच्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे 'क्रिडा'ने, प्रकल्प संपून दहा वर्षे झाल्यावर गावाचा हिशेब मांडला. त्या अभ्यासानुसार १९९६ साली सरासरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४० हजार रुपये होते; २०१२ मध्ये ते ३ लाख २१ हजार झाले. मधल्या वर्षांत महागाई वाढली हे धरले तरी ही झेप मोठी आहे. कोणतीही मदत देणारी संस्था प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशी अहवाल मागते. ओढ्यात किती बांध झाले हे त्या दिवशी कळते. ते बांध दुष्काळात उपयोगी पडले की नाही, हे कळायला दुष्काळ यावा लागतो.

मोजणीची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती गैरसोयीची आहे. कडवंचीच्या यशानंतर शेततळे हा शब्द जिल्ह्यात घरोघरी पोहोचला. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही राज्याची योजना आली. मुळात शेततळे वाहून जाणारा पाऊस साठवण्यासाठी असते. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली बरीच मोठी तळी विहिरीतून, बोअरमधून पंपाने उपसून भरली जाऊ लागली. जमिनीखाली असताना जे पाणी सगळ्या शिवाराचे असते, ते वर आणून तळ्यात टाकले की एकाचे होते. शिवाय उन्हात त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते. 'वॉटर' संस्थेच्या अभ्यासकाने २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त नेमका हाच धोका मांडला. ज्या संस्थेने पाणलोटाची चळवळ वाढवली तिच्याच अभ्यासकाने शेततळ्यांच्या चुकीच्या वापरावर बोट ठेवावे, ही या भागीदारीची खरी कसोटी होती. संशोधकाला पैसे देणाऱ्याचे गोडवे गाण्यापुरतेच ठेवले, तर हे बोट कधी उठणार नाही.

शिवारातले पाणी नेमके जाते कुठे, या प्रश्नाच्या पोटात शिरणारे काम पुढे राज्य पातळीवर झाले. २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये. त्यातले ७० टक्के जागतिक बँकेचे कर्ज, ३० टक्के राज्याचा वाटा. जालन्यासह १५ जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती. हे अनुदान नसून कर्ज होते, म्हणजे परतफेड महाराष्ट्राच्याच खिशातून. तेव्हा प्रत्येक बंधाऱ्याची जागा अचूक असणे अधिकच गरजेचे. त्यासाठी आयआयटी मुंबईची मदत घेतली गेली.

आयआयटीच्या अभ्यासकांनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली. घरखर्चाच्या वहीसारखीच ती समजून घेता येते. जमेच्या बाजूला पाऊस. खर्चाच्या बाजूला वाहून गेलेले पाणी, मातीत ओल म्हणून राहिलेले, जमिनीत मुरलेले आणि पिकाने प्यायलेले. मातीचा प्रकार, तिची खोली, उतार, पीक आणि रोजचा पाऊस संगणकाला दिला, की शिवाराच्या कोणत्या भागात पावसाच्या खंडात पिकाला किती पाणी कमी पडेल याचा अंदाज मिळतो. गावाच्या सूक्ष्म नियोजनात हा ताळेबंद ग्रामस्थांसमोर ठेवला जाऊ लागला. अमुक बंधारा कुणाच्या शेताशेजारी व्हावा या जुन्या वादात आता आकड्यांनाही बोलता येते.

पैसा, विद्या आणि जमीन यांची ही साखळी तुटते कुठे, हेही जगाने नुकतेच पाहिले. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी विकास मदत एकाएकी थांबवली. त्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांतल्या शेतीसंशोधनाच्या प्रयोगशाळांवर गदा आली. त्यात इलिनॉय विद्यापीठाची सोयाबीन प्रयोगशाळाही होती. ज्या विद्यापीठाने भारतात हे पीक रुजवायला हातभार लावला, तेच आता आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी काम करत होते. तिथल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे एका देणगीवर त्यातले थोडेफार काम तगले. पंतनगर आणि जबलपूर मात्र परक्या मदतीचा ओघ आटल्यावरही उभी राहिली, कारण तोवर ती आपल्या सरकारांच्या खर्चाने चालणारी, आपल्या माणसांची विद्यापीठे झाली होती. कडवंचीतही जर्मन पैसा २००२ मध्ये संपला, खरपुडीचे केंद्र जागेवर होते.

कृषी संजीवनीचा दुसरा टप्पा आता राज्यातल्या २१ जिल्ह्यांसाठी ठरला आहे. त्यातल्या गावांच्या विहिरी आणखी दहा वर्षांनी कोण मोजणार, याची तरतूद आजच्या अंदाजपत्रकात असायला हवी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. पण गावागणिक नोंद त्यातून मिळत नाही. ती ठेवायला जिल्ह्यातली महाविद्यालये आहेत, बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र आहे. राज्य सरकारच्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्थानिक विकासाच्या अभ्यासाची वाट २०१६ सालीच मोकळी करून दिली आहे.

आणि खरपुडी आहे. तिथे दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. विषय हंगामाप्रमाणे बदलतो. कधी गुलाबी बोंडअळी, कधी मोसंबीचा बहर, कधी तुरीचे नवे वाण. शास्त्रज्ञ बोलतो, मग प्रश्न सुरू होतात, आणि पुष्कळदा खरी चर्चा तिथूनच रंगते. येणाऱ्या प्रत्येकाने घरून निघताना आपल्या विहिरीत दोर सोडून पाणी किती हातांवर आहे ते पाहिले, आणि तो आकडा केंद्राच्या वहीत लिहिला, तर दहा वर्षांत जालन्याच्या पाण्याची अशी नोंद तयार होईल जी आज कुणाकडे नाही. त्याला लागेल एक दोर, एक वही आणि ती वही सांभाळणारा एक माणूस.