टोपलीचा खेळ आणि कॅटलोनियाचा संघ

‘राष्ट्र कशाला म्हणायचं?’ हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं हेगेलच्या आधाराने शिकवला. आज तो जरा मैदानावर नेऊ.

कॉर्फबॉल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. ॲमस्टरडॅममधले एक शिक्षक, निको ब्रुखाउझेन, यांनी तो १९०२ साली रचला. डच भाषेत ‘कॉर्फ’ म्हणजे टोपली; ती साडेतीन मीटर उंच खांबावर असते. संघात चार पुरुष, चार स्त्रिया. चेंडू घेऊन पळायचं नाही. दोन गोल झाले की बचाव करणारे आक्रमणाला आणि आक्रमणातले बचावाला! आणि प्रतिस्पर्धी जवळ उभा राहून अडवत असेल, तर नेम मारायचाच नाही. सहकाऱ्यांच्या मदतीने मोकळी जागा मिळवावी लागते.

जागतिक स्पर्धा १९७८ पासून होते. विजेता जवळजवळ ठरलेला: नेदरलँड्स. अपवाद एकच, १९९१ साली बेल्जियम. मग बाकीचे संघ येतात कशाला?

कॅटलोनियाचं उत्तर सोपं आहे: स्वतःच्या नावाने खेळायला मिळतं म्हणून. फुटबॉलमध्ये ते मिळत नाही. चावी, पुयोल हे कॅटलान खेळाडू. पण २०१० चा विश्वचषक त्यांनी जिंकला तो स्पेनच्या सदऱ्यात. कॅटलोनियाचा फुटबॉल संघ खेळतो, पण मैत्रीपूर्ण सामनेच. कॉर्फबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मात्र त्यांना वेगळा सभासद मानलंय. वेल्स, स्कॉटलंडही तिथे इंग्लंडपासून वेगळे खेळतात.

हेगेल म्हणतो, मी मीच आहे हे नुसतं स्वतःशी म्हणून भागत नाही, दुसऱ्याने ते मान्य करावं लागतं. गुणफलकावर ‘कॅटलोनिया’ लिहिलं जातं तेव्हा समोरचा संघ ते मान्य करूनच खेळायला उतरतो. यातून स्वातंत्र्याचा प्रश्न सुटतो असं नव्हे हं; त्यावर खुद्द कॅटलान लोकांतच दुफळी आहे. पण छोट्या खेळातली मान्यता स्वस्त असते, हे मला पटत नाही.

खरी मेख पुढेच आहे. कॉर्फबॉल ऑलिंपिकमध्ये दोनदाच दिसला, १९२० आणि १९२८ साली, तोही प्रात्यक्षिक म्हणून. कायमची जागा कुठल्या खेळाला नको असते? पण १९९६ पासून ऑलिंपिकच्या सनदेत ‘देश’ म्हणजे आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्य केलेलं स्वतंत्र राज्य. म्हणजे उद्या या खेळाचं नशीब उजळलं, तर ज्या खेळाडूंनी त्यासाठी घाम गाळला त्यांनाच तिथे कॅटलोनियाचा सदरा घालता येणार नाही.