मेंदूला तेल हवे, पण कोणते?

परीक्षा जवळ आल्या की घरोघरी बदाम भिजत पडतात. अक्रोडाचे रूप मेंदूसारखे, म्हणून तोही आणला जातो. काही घरांत भेजा फ्राय होतो, कारण भेजा खाल्ला की भेजा चालतो अशी समजूत. मुलांची ही काळजी चांगलीच आहे. पण त्याच घरात चाळिशी-पन्नाशीतले अम्मी-अब्बा रोज सकाळी चहात खारी बुडवून खात असतात, त्यांच्या मेंदूचा विचार कोणी करत नाही. पुढे सत्तरीत ते नातवंडांची नावे विसरू लागले की आपण म्हणतो, "उमर हो गई."

मेंदूतले पाणी वगळले तर उरलेल्या भागात सुमारे ६० टक्के स्निग्ध पदार्थ असतात. पेशींची आवरणे त्यांचीच बनतात. विजेच्या तारेवर प्लास्टिक असते तसे मज्जातंतूंवर वेष्टन असते, तेही मुख्यतः त्यांचेच. म्हणून "तेल-तूप बंद करा" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. किती खावे हा प्रश्न आहेच, पण त्याआधी कोणते खावे हे पाहायला हवे.

मेंदूतले सर्वांत महत्त्वाचे ओमेगा-३ म्हणजे डीएचए. शरीर ते फारच थोडे तयार करते, बाकीचे माशांतून मिळवावे लागते. आपल्याकडे पाहुण्यांसमोर पापलेट आणि सुरमईचा मान मोठा. ओमेगा-३ मात्र स्वस्तातल्या तारली आणि बांगड्यात भरपूर असते. कोकणातल्या घरांनी या माशांना गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडू नये. कालवण करावे, भरपूर तेलात तळू नये. मराठवाडा-विदर्भात ताजी मासळी रोज कुठून येणार? तिथे जवसाची चटणी आहे. जवस आणि अक्रोडातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते, त्यातला थोडाच भाग शरीरात डीएचए होतो, तरी ती चटणी ताटात असावी. बदामात ओमेगा-३ जवळजवळ नसते, पण त्यातली चरबी चांगली आणि ई जीवनसत्त्वही भरपूर, तेव्हा भिजवलेले बदाम चालू द्या. भेज्यात डीएचए असते हे खरे, पण मेंढीच्या १०० ग्रॅम भेज्यात कोलेस्टेरॉल १००० मिलिग्रॅमहून जास्त असते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर मात्र पैसे घालवू नका. मोठ्या चाचण्यांत त्यांनी विसरभोळेपण रोखल्याचे दिसलेले नाही.

आता खारीकडे येऊ. तेलातून हायड्रोजन सोडून ते घट्ट केले की वनस्पती तूप बनते. १९३७ मध्ये डालडा आला आणि पुढे घराघरात हे तूप त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. खारी, नानखटाई, पॅटिस यांचा खुसखुशीतपणा बऱ्याचदा त्याचाच. या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होते. जपानमधल्या हिसायामा गावात साठीच्या पुढच्या १६०० हून अधिक लोकांचे रक्त तपासून सुमारे दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या रक्तात ट्रान्स फॅट जास्त, त्यांच्यात स्मृतिभ्रंशही जास्त आढळला. या चरबीचा सर्वांत ठळक संबंध गोड बेकरी पदार्थांशी होता. एका पाहणीने कारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही गोष्ट नाही.

२०२२ पासून भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. पाकिटावर लिहिलेले वाचता येते, पण मोहल्ल्यातल्या बेकरीतून कागदात बांधून आणलेल्या खारीवर काय वाचणार? शिवाय ट्रान्स फॅटच्या जागी पामतेल आले, तरी त्यातली संपृक्त चरबी वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवतेच. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्यांत तेच साचते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. मध्यम वयातले वाढलेले एलडीएल ही त्यांतली एक. म्हणजे हिशेब सत्तरीत नव्हे, चाळिशीतच सुरू होतो. साखर आणि ब्लड प्रेशर तपासायला जाताना कोलेस्टेरॉलही तपासून घ्यावे.

ईदची बिर्याणी आणि शीरखुर्मा यांना दोष देण्यात अर्थ नाही, ते वर्षातून दोनदा. रोजची सवय जास्त नडते. जैतूनचा उल्लेख कुरआनात आहे, म्हणून ते तेल आणावे असे अनेकांना वाटते. परवडत असेल तर जरूर आणा. त्यात जी ओलेइक चरबी मुख्य असते तीच शेंगदाणा तेलातही भरपूर असते, त्यामुळे सामान्य घराने मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही.

रमजानमध्ये तळणीच्या तेलाकडे विशेष लक्ष हवे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढत जातात. तेल कधी टाकून द्यायचे, याची सरकारी मर्यादा २०१८ पासून आहे, पण गाडीवरच्या काळ्याकुट्ट कढईत ती मोजणार कोण? त्यापेक्षा इफ्तारचे समोसे-भजी आठवड्यातून एक-दोनदा, घरीच करावे. कढईत तेल बेताचे घ्यावे. उरलेले थंड झाल्यावर गाळून ठेवावे आणि एक-दोन दिवसांत सालन-भाजीच्या फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये.