पेशीतील वाहतुकीची कोंडी

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते, असे आपण वर्गात सांगतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, "हे विकर लाळग्रंथीच्या पेशीत तयार होते. पेशीभोवती तर पटल असते. मग प्रथिनाचा एवढा मोठा रेणू पटल न फाटता बाहेर कसा येतो?"

या प्रश्नाचे अर्धे उत्तर १९६७ साली जेमिसन आणि जॉर्ज पलाडे यांनी दिले. त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना तीन मिनिटे किरणोत्सारी ल्यूसिन दिले आणि नंतर साधे. त्यामुळे त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच जणू खूण झाली. ही खूण प्रथम खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत दिसली, मग गॉल्गी पिंडाजवळ, आणि सुमारे दोन तासांनी विकरे साठवणाऱ्या कणांत. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्याकडे माल नेतात त्या पटलाच्या इवल्याशा पिशव्या, म्हणजे पुटिका. शेवटी पुटिकेचे पटल पेशीच्या पटलात मिसळते आणि आतला माल बाहेर पडतो. पटलाला भोक पडतच नाही!

वाट कळली, पण ही वाहतूक चालवणारी यंत्रणा कोणती? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत रँडी शेकमन यांनी त्यासाठी यीस्ट निवडले. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. पोती भरणे बंद पडले तर साखरेचा ढीग साचतो. रस आटवणे बंद पडले तर रस तुंबतो. काय तुंबले यावरून बिघाड कुठे आहे ते कळते. पेशीतही असाच एकेक बिघाड करून पाहायचा होता.

अडचण अशी, की स्रवण पूर्ण थांबले तर पेशीची वाढच खुंटते, मग अभ्यास कशाचा करणार? म्हणून शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांनी तापमानाला संवेदनशील असलेली उत्परिवर्तित यीस्ट शोधली. ही यीस्ट २५ अंश सेल्सिअसला नीट वाढते, पण ३७ अंशांना तिचे स्रवण थांबते. यीस्ट सुक्रोजचे विघटन करणारे इन्व्हर्टेज पटलाबाहेर सोडते. या पेशींत मात्र ते आतच अडकले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पुटिकांनी गच्च भरलेल्या दिसल्या. पहिले असे जनुक १९७९ साली जाहीर झाले.

यातूनच पुढची युक्ती सुचली. पेशीच्या पटलाची वाढ याच पुटिकांमुळे होते. त्या अडकल्या की पेशी प्रथिने बनवत राहते, पण आकाराने वाढत नाही. म्हणजे तिची घनता वाढते. अशा जड पेशी अपकेंद्री यंत्रात फिरवून वेगळ्या काढता आल्या आणि १९८०पर्यंत जनुकांची संख्या २३ झाली. काहींच्या बिघाडाने आंतर्द्रव्यजालिका फुगत होती, तर काहींच्या बिघाडाने पुटिका साचत होत्या. एकाच पेशीत दोन बिघाड एकत्र आणले, की माल आधीच्या टप्प्यावर अडकलेला दिसे. अशा रीतीने टप्प्यांचा क्रमही ठरला.

पण यीस्टसारख्या साध्या जीवाचे नियम सस्तन प्राण्यांना लागू पडतील का? त्याच सुमारास जेम्स रॉथमन हॅम्स्टरच्या पेशींतून पुटिकांच्या मीलनासाठी लागणारी प्रथिने वेगळी करत होते. त्यांपैकी एक प्रथिन यीस्टच्या १८ क्रमांकाच्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाशी जुळत असल्याचे १९८९ साली दिसले. एवढेच नव्हे, तर हॅम्स्टरच्या प्रथिनाचे काम परीक्षानळीत यीस्टचे प्रथिनही करू शकत होते! म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीतही ही यंत्रणा टिकून राहिली आहे. २०१३ साली शेकमन, रॉथमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मधुमेहींना लागणारे काही मानवी इन्सुलिन आज यीस्टकडूनच तयार करून घेतले जाते, आणि यीस्ट ते याच वाटेने पेशीबाहेर सोडते.

पेशीची आकृती काढून घेताना नावांबरोबर एक प्रश्नही द्यावा: गॉल्गी पिंडापाशी वाहतूक अडली, तर माल कुठे साचेल आणि कुठे पोचणार नाही? उत्तर शोधताना ती आकृती विद्यार्थ्यांना चालत्या कारखान्यासारखी दिसू लागेल.