वरची खोली आणि माळव्यातली रात्र

घर दुमजली झालं की वरची खोली बहुधा तरुण मंडळींच्या वाट्याला येते. कुणी बारावीला असतं, कुणाचं नुकतंच लग्न झालेलं असतं, कुणी घरूनच ऑफिसचं काम करत असतं. धार-देवासच्या आपल्या घरांत हे चित्र सर्रास दिसतं. खाली जाड भिंतींचं जुनं घर, आणि वर बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून चढवलेली, हवेशीर म्हणून मुद्दाम मोठ्या खिडक्या ठेवलेली स्लॅबची खोली. आठ-नऊ महिने ती खरंच घरातली सगळ्यांत छान जागा असते. एप्रिल लागला की तिचा तवा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून बाळाला घेऊन आलेली लेक दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच गादी उचलून खालच्या बैठकीत येते, आणि चहाच्या वेळी घरात ठराव होतो : एसी लावून टाका.

एसीला माझा विरोध नाही. पण तापलेल्या स्लॅबखाली लावलेला एसी म्हणजे पेटत्या चुलीजवळ ठेवलेला फ्रीज. तो चालतो, पण सतत चालतो. वीज गेली की अर्ध्या तासात खोली पुन्हा होती तशी. त्याआधी ही उष्णता येते कुठून, हे एकदा पाहून घेतलेलं बरं.

आपण कर्कवृत्ताला अगदी खेटून राहतो. ते उज्जैनच्या थोडं उत्तरेला आहे. देवास आणि धार दोन्ही त्याच्या जरासे दक्षिणेला. त्यामुळे मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला दुपारी बारा-साडेबाराला सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत ऊन फारसं येतच नाही. लोक तिथे जाड पडदे लावतात आणि छत मात्र उघडं सोडतात! खरा मारा गच्चीवर होतो आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. स्लॅब ही उष्णता पिऊन घेते आणि काही तास उशिरा खोलीत सोडू लागते. म्हणून बाहेर ऊन उतरलेलं असतं, अंगणात बरं वाटत असतं, आणि वर मात्र रात्री दहाला छताला हात लावला तर चटका बसतो. पंखा लावला की छताजवळची तीच गरम हवा अंगावर येते.

आता दुसरी बाजू. माळव्याच्या रात्रीची कीर्ती जुनी आहे. बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या जोडीनं 'शब-ए-मालवा' म्हणतात ते उगीच नाही. आपण पाचशे मीटरहून उंच पठारावर आहोत, हवा कोरडी आहे, आणि मे महिन्यातही पहाटेपर्यंत पारा पंचविशीच्या आसपास उतरतो. मुंबईच्या नातेवाइकांना हे सुख नाही. गार हवा फुकट दाराशी उभी आहे, आणि आपण रात्री चोर आणि डासांच्या भीतीनं खिडक्या लावून घेतो. दिवसा मात्र 'हवा येऊ दे' म्हणून उघड्या टाकतो. हा क्रम उलटा करायला हवा. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या, दारं, पडदे बंद. संध्याकाळी बाहेर गार वाटू लागलं की सगळं उघडायचं, खिडक्यांना जाळी बसवून घ्यायची, आणि जिन्याच्या टोकाचं गच्चीचं दार (तिथेही जाळीचं दार लावून) उघडं ठेवायचं. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. एक्झॉस्ट पंखा असेल तर आणखी उत्तम.

पण स्लॅबच तापू दिली नाही तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. यात सगळ्यांत स्वस्त उपाय चुना. कळीचा चुना आदल्या रात्री भिजत घालायचा, गाळून घ्यायचा, पकड यावी म्हणून थोडा फेविकॉल मिसळायचा आणि संध्याकाळी, गच्ची निवल्यावर, कुंच्यानं दोन हात मारायचे. आधी गच्ची घासून धुतलेली हवी, नाहीतर पापुद्रे सुटतात. भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि लहान मुलं खाली, हे न चुकता. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. पांढऱ्या छतानं खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो असं सांगतात. तयार रिफ्लेक्टिव्ह पेंट अधिक टिकतो, पण महाग पडतो. चुना दरवर्षी काढावा लागतो, एवढंच.

ज्यांना शक्य आहे त्यांनी गच्चीवर हिरवी जाळी ताणावी. मात्र स्लॅबपासून चार-पाच फूट वर, खालून वारा खेळेल अशी. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चिक सोडावी. ऊन काचेच्या आत आलं की आलंच.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायची आपली जुनी सवय आहे. शास्त्र तिच्या बाजूनं आहे : एक लिटर पाणी वाफ होताना विजेच्या जवळजवळ दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता घेऊन जातं. तरीही देवासकरांनी नळी लावून गच्ची न्हाऊ घालू नये असं मला वाटतं. एप्रिल १९९० मध्ये याच गावाला इंदूरहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घरातल्या पन्नाशीच्या कुणालाही विचारा. दोन बादल्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पलंगाच्या वरच्या भागात पसरली तरी पुष्कळ. स्लॅबला भेगा असतील तर तेही नको.

पाणी आणि सावली यांची सांगड मांडूच्या सुलतानांनाही ठाऊक होती. धारपासून तासाभरावर तर आहे, पण आपण तिथे जातो पावसाळ्यात, ढग बघायला. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि चंपा बावडीच्या पायऱ्या उतरून खालची दालनं पाहा. विहिरीच्या पाण्यालगत, जमिनीच्या पोटात, उन्हाळ्यासाठी केलेल्या खोल्या आहेत त्या. जहाज महाल दोन तलावांच्या मध्ये उभा आहे, आणि हिंडोळा महालाच्या कलत्या भिंती इतक्या जाड आहेत की ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळावा. उन्हाळ्यात माणसं खाली उतरत. पवारांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांचेही दुपारचे बेत खालच्या ओसरीवरच असत. थोरली पाती असो की धाकटी, ऊन दोघींना सारखंच होतं.

म्हणून आजी-आजोबा आणि तान्ही बाळं यांची झोपायची व्यवस्था मे महिन्यात खालीच करावी, यात मानपान आणू नये. म्हाताऱ्या शरीराला दिवसाचा ताप सोसतो, पण रात्री निवायला मिळालं नाही तर तेच जीवावर बेतू शकतं. तहान त्यांना उशिरा लागते, तक्रार त्याहून उशिरा करतात. खोलीतला पारा चाळिशीच्या वर असेल तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, हे त्यांना समजावून सांगायची जबाबदारी तुमची. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून कोरडं पडलं, तर थंड पाण्यानं अंग पुसत लगेच दवाखाना.

राहिला कूलर. बाहेर ४२ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर पाण्यानं हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत निवू शकते; चांगला कूलर २६-२७ पर्यंत आणतो. अट एकच : कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. बंद खोलीत ठेवलेला कूलर फक्त दमटपणा वाढवतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दर मोसमाला बदलाव्यात आणि टाकी आठवड्याला रिकामी करून घासावी, नाहीतर डास तिथेच संसार थाटतात. जूनच्या मध्याला ढग जमू लागले की कूलरचा जोर ओसरतो. तेव्हा आठ-दहा दिवस चिकचिक सोसायची, किंवा एसी लावायचा. पांढऱ्या स्लॅबखाली तो लहानही पुरतो.

चुन्याचं काम पाडव्याच्या सुमाराला उरकावं, तेव्हा गच्चीवर उभं राहवतं आणि मजूरही मिळतात. आणि पहिल्या पावसाआधी गच्चीचा पाइप साफ करून घ्या. सुटलेले चुन्याचे पापुद्रे तिथेच अडकतात.